टप्पा, अनुशेष आणि भारमान

एसटीनं आपल्या मराठीला दिलेले शब्द एकदा सहज आठवून बघा. आगार, थांबा, फेरी, वाहक, विनावाहक, जलद, मुक्कामी गाडी. यातला एकही शब्द आम्हा शिक्षकांना फळ्यावर लिहून शिकवावा लागला नाही. लिहितावाचता न येणारी आजीसुद्धा "मुक्कामी गाडी आली का हो?" असं विचारते आणि बरोब्बर अर्थानं विचारते. पण याच घराण्यातला एक शब्द मात्र कार्यालयाचा उंबरा ओलांडून बाहेर आलाच नाही. तो म्हणजे 'भारमान'. पेपरात आपण वाचतो, भारमान कमी म्हणून फेरी बंद. वाचतो आणि पान उलटतो. भारमान म्हणजे काय, ते काढतात कसं, कमी म्हणजे कशापेक्षा कमी, असं विचारलं तर चांगली पदवीधर माणसंही "म्हणजे गर्दी नसणार" एवढंच सांगतात.

हा विषय डोक्यात शिरला तो माझ्या भाचेसुनेमुळे. ती सिव्हिल इंजिनिअर आहे, वाहतूक या विषयात संशोधन करते. मागे आली तेव्हा तिनं लिहिलेला एक लेख माझ्यापुढे ठेवला. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, इंग्रजी बेताचंच. पण शब्दकोश घेऊन बसले तरी दोन पानांपुढे गाडी सरकेना. मी म्हटलं, "अगं, खेड्यातल्या बसवरच लिहिलंयस ना? मग हे त्या गावच्या सरपंचाला कसं सांगशील?" ती हसून म्हणाली, "मावशी, हे त्यांच्यासाठी नसतंच."

खेड्यातल्या बसचा अभ्यास, आणि तो खेड्यासाठी नाही! तेव्हापासून मी जुनं जुनं धुंडाळते आहे. रस्ते, रेल्वे, मोटारी यांचा अभ्यास आपल्याकडे कुणी केला, आणि तो सरकारपर्यंत आणि लोकांपर्यंत पोचला का, हे बघावंसं वाटलं. जे हाती लागलं ते सांगते. क्रम थोडा विस्कळीत होईल, सांभाळून घ्या.

सुरुवात एका मास्तरांपासून करते (जातभाईंचा थोडा अभिमान असायचाच). रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे सोलापूरच्या सरकारी हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ते सार्वजनिक सभेच्या इंग्रजी त्रैमासिकात लिहीत. सरकारी अहवाल आणि अंदाजपत्रकं पुढ्यात घेऊन त्यांतले आकडे एकमेकांशी ताडून बघायचे, हा त्यांचा छंद. रेल्वे हा त्यातला एक मोठा विषय. रेल्वे कंपन्यांनी जे भांडवल घातलं त्यावर सरकारनं पाच टक्के व्याजाची हमी दिलेली होती. गाडीला उत्पन्न कमी झालं तर उरलेली रक्कम सरकारी तिजोरीतून, म्हणजे रयतेनं भरलेल्या करातून. असं पन्नासेक वर्षं चाललं. रेल्वे सरकारला नफा देऊ लागली ती जवळपास १९०० सालाच्या सुमाराला. तोवर जो पैसा गेला तो पाटबंधाऱ्यांवर का नाही घातला, दुष्काळी मुलखाला आधी पाणी हवं की आगगाडी, हा प्रश्न रानडे, जोशी आणि गोखले यांनी आकड्यांनिशी लावून धरला. १८९७ साली नामदार गोखले लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गेले, तेव्हा त्यांच्या तयारीमागे रानड्यांची आणि या जोशी मास्तरांची मेहनत होती. पुढे कायदेमंडळात अंदाजपत्रकावर गोखल्यांची जी भाषणं गाजली त्यांतही जोशींनी जुळवलेले आकडे असत.

साखळी किती छान आहे बघा. एका मास्तरांनी आकडे जुळवले आणि दुसऱ्या मास्तरांनी (गोखल्यांनी अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिलं होतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं) ते साहेबाच्या तोंडावर मांडले. पण ही साखळी सगळी वरच्या दिशेनं जाणारी. साहेबाला कळावं म्हणून इंग्रजीत लिहिलेली. जोशींचं लेखन त्यांच्या निधनानंतर १९१२ साली जाडजूड पुस्तकात आलं, तेही इंग्रजीतच. ज्या रयतेच्या करातून व्याज जात होतं ती रयत या वादात फक्त आकड्यांच्या रूपानं हजर होती.

गोखल्यांच्या नावानं पुण्यात १९३० साली अर्थशास्त्राची संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. त्यांनी १९३५ साली ल. वि. गोगटे यांच्याबरोबर एक पुस्तक काढलं. विषय होता मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतली मोटारबस वाहतूक. मला या पुस्तकाचं कौतुक वाटतं ते विषयाच्या निवडीसाठी. त्या काळी अर्थशास्त्र म्हणजे चलन, जकात, रुपयाचा भाव असल्या भारदस्त गोष्टी. धुरळा उडवत जाणारी, टपावर कोंबड्या बांधलेली सर्व्हिस मोटार हा अभ्यासाचा विषय आहे, हे ओळखायला गाडगिळांसारखा माणूस लागला. वेळही नेमकी होती. मोटारी आपले प्रवासी पळवतात अशी रेल्वेवाल्यांची ओरड सुरू होती, त्यावर १९३२-३३ साली मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांची चौकशी झाली, आणि अखेर १९३९ चा मोटार वाहन कायदा येऊन बसगाड्यांना परवाने लागू झाले. 'परवाना' हा शब्द लोकांना लगेच कळला, कारण त्यासाठी खेटे घालावे लागत. परवाने का आले, कोणाच्या फायद्याचे, हा हिशोब इंग्रजी पुस्तकातच राहिला. गंमत अशी की हेच गाडगीळ पुढे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. शेतकऱ्यांत बसून उसाचा, भावाचा, भागभांडवलाचा हिशोब त्यांनी मराठीत उलगडून दाखवला आणि शेतकऱ्यांना तो कळला. उसाचा कळतो, मग बसचा का कळणार नाही?

त्या सहा जिल्ह्यांत परभणी नव्हती. असणार तरी कशी? आम्ही निजामाच्या राज्यात. आमच्याकडं आगगाडी आली ती मनमाडहून गोदावरीच्या खोऱ्यातून हैदराबादकडे गेलेली अरुंद मीटरगेजची, १९०० सालच्या सुमारास. १९३० साली निजाम सरकारनं ती रेल्वे कंपनीकडून विकत घेतली आणि दोनच वर्षांनी, जून १९३२ मध्ये, त्याच रेल्वेच्या हाताखाली सरकारी बसखातं सुरू केलं, २७ गाड्यांनिशी. म्हणजे इंग्रजी हद्दीत रेल्वे आणि मोटार एकमेकींच्या झिंज्या ओढत होत्या, तेव्हा आमच्याकडं दोघींचा मालक एकच. गाडी कुठे न्यायची हे ठरवणाराही एकच. चांगलं की वाईट? व्यवस्था म्हणून चांगलंच म्हणावं लागेल. आज तज्ज्ञ लोक रेल्वे आणि बस यांचा मेळ घाला म्हणून सांगतात तो मेळ तिथं आपोआप होता. पण प्रजेला विचारायची पद्धत नव्हती, आणि कारभाराची भाषा प्रजेची नव्हती. हे खातं १९५१ मध्ये रेल्वेपासून वेगळं झालं, १९५६ च्या १ नोव्हेंबरला आम्ही मुंबई राज्यात आलो, आणि १९६१ मध्ये आमच्या गाड्या महाराष्ट्राच्या एसटीत सामील झाल्या. आज एसटीच्या परभणी विभागात परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरी आणि हिंगोली जिल्ह्यातली हिंगोली, वसमत, कळमनुरी अशी सात आगारं आहेत. जिल्हा १९९९ साली फुटला, एसटीचा विभाग फुटला नाही.

मधे एक गोष्ट राहिली. डिसेंबर १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि पुढच्या वीस वर्षांचा रस्त्यांचा आराखडा त्यांनी केला. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही जी उतरंड आपण मैलाच्या दगडांवर बघतो ती तिथून पक्की झाली. त्या आराखड्यातलं एक वाक्य मला फार आवडतं. त्याचा आशय असा, की चांगल्या शेतीच्या मुलखात कोणतंही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब असू नये. पाच मैल! म्हणजे सकाळी निघालेला माणूस ऊन तापायच्या आत रस्त्याला लागेल एवढं अंतर. बैलगाडीवाल्याला विचारा, डोक्यावर पाटी घेऊन बाजारला जाणाऱ्या बाईला विचारा, पाच मैल कोणालाही कळतात. एवढं सोपं माप हाताशी होतं. पण तो आराखडा अभियंत्यांनी अभियंत्यांसाठी केलेला. गावाला कुणी सांगितलंच नाही की बाबांनो, तुम्ही पाच मैलांच्या आत असायला हवं होतात. सांगितलं असतं तर ग्रामपंचायतीत केवढी भांडणं झाली असती, आणि ती व्हायला हवी होती.

मराठवाड्यात वाहतुकीचा एक प्रश्न मात्र लोकांना न शिकवता कळला. तो रेल्वेच्या रुंदीकरणाचा. मीटरगेजच्या दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर, ब्रॉडगेजच्या रुळांमध्ये १.६७६ मीटर. एका रुळावरची गाडी दुसऱ्यावर जात नाही. मनमाडला गाडी बदला, ट्रंका उतरवा, पोरं मोजा, पुन्हा चढवा. धान्याची, कापसाची, सिमेंटची पोती एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरायची, त्यात वेळ जाणार, हमाली जाणार, चार पोती फुटणार. हे ज्यानं डोळ्यांनी बघितलं त्याला अर्थशास्त्राचं पुस्तक कशाला हवं? गोविंदभाई श्रॉफ यांनी आणि मराठवाडा जनता विकास परिषदेनं ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली, आणि त्यांना समजावून सांगण्यात वेळ घालवावा लागला नाही. १९९० च्या दशकात मनमाड-परभणी मार्ग रुंद झाला. रुंदीकरण हा शब्द आमच्या भागात लेकराबाळांच्या तोंडी होता.

आता 'अनुशेष'. या शब्दावर मी जरा रेंगाळणार आहे.

१९८३ साली राज्य सरकारनं प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करायला एक समिती नेमली. अध्यक्ष वि. म. दांडेकर. तेही पुण्याच्या त्याच गोखले संस्थेतले, दारिद्र्यावरच्या पुस्तकामुळे देशभर नाव झालेले. १९८४ साली अहवाल आला. त्यांनी केलं काय, तर रस्ते, पाटबंधारे, वीज, शिक्षण, आरोग्य अशी एकेक बाब घेतली. प्रत्येक बाबीत राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खाली आहे तो किती खाली आहे ते मोजलं. आणि तेवढी खोट भरून काढायला किती पैसा लागेल तो आकडा मांडला. त्या आकड्याचं नाव अनुशेष. जो जिल्हा सरासरीच्या वर, त्याचा अनुशेष शून्य. सगळ्या राज्याचा मिळून अनुशेष निघाला ३१८६.७८ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा १२४६.५५ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी, आणि उरलेल्या महाराष्ट्राचा ११८९.३८ कोटी.

शेवटचा आकडा पुन्हा वाचा. उरलेल्या महाराष्ट्राचा अनुशेष मराठवाड्यापेक्षा जास्त! आमच्याकडं सभांमधून हे कुणी सांगायचं नाही. कोकण, खानदेश, दुष्काळी पट्टा हे सगळे त्यात होते, आणि तो प्रदेशही कितीतरी मोठा. पण दांडेकरांनी बाजू घेतली नव्हती, मोजलं होतं. आणि मोजलेलं सगळ्यांनाच थोडं थोडं टोचतं.

मला या प्रकरणात नवल वाटतं ते शब्दाच्या प्रवासाचं. कार्यालयीन मराठीतला एक रुक्ष शब्द, आणि पाचसात वर्षांत तो चहाच्या टपरीवर आला. दैनिक 'मराठवाडा'सारख्या वृत्तपत्रांनी, विकास परिषदेच्या कार्यकर्त्यांनी, प्राध्यापकांनी तो गावोगाव नेला. रस्त्यांचा अनुशेष, पाण्याचा अनुशेष. दहावीची पोरं निबंधात लिहू लागली. एक तर म्हणाला, "बाई, माझा गणितात अनुशेष आहे." वर्गात हशा झाला, पण त्याचा वापर अगदी बरोबर होता. सरासरी काढायची, आपण कुठे आहोत ते बघायचं, खोट मोजायची. मी त्याच दिवशी फळ्यावर सगळ्या वर्गाच्या उंचीची सरासरी काढून घेतली. कोणाचा अनुशेष किती सेंटिमीटर, हे मुलांनी स्वतः काढलं.

एवढा मोठा अभ्यास इतक्या लवकर लोकांच्या तोंडी आला असं दुसरं उदाहरण मला आपल्या राज्यात दिसत नाही. कारण त्यातलं माप सोपं होतं. शेजारच्याशी तुलना तर आपल्याला जन्मजात येते.

पण खाचही तिथंच होती. शब्द पोचला, रीत पोचली नाही. अनुशेष ही आरोळी झाली. रस्त्याच्या अनुशेषात मोजली जाते रस्त्याची लांबी. त्या रस्त्यावर पावसाळ्यात चाक फिरतं का, हे लांबीत दिसत नाही. आमची जमीन काळी, चिकणी. एक पाऊस झाला की सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं, सायकलीवर बसून माणूस जात नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून फोडून लोकांनी जे रस्ते केले ते कागदावर रस्तेच होते, आणि मृगाच्या पहिल्या पावसानंतर अनेक ठिकाणी पुन्हा चिखल होते. खेड्यातला माणूस रस्त्याबद्दल एकच विचारतो, 'बारमाही आहे का?' पुढे २००० साली पंतप्रधान ग्रामसडक योजना आली तेव्हा तिनं नेमका हाच प्रश्न उचलला. बारा महिने वापरता येईल असा रस्ता, मोऱ्यांसकट. एका शब्दात अख्खं अभियांत्रिकीशास्त्र. अनुशेषाचं पुढं बरंच झालं. दुसरी समिती आली, आकडे वाढले, १९९४ साली वैधानिक विकास मंडळं आली आणि २०२० च्या एप्रिलअखेर त्यांची मुदतही संपली. २०१३ मध्ये विजय केळकरांच्या समितीनं पुन्हा सगळं नव्यानं मांडलं. असो. तो स्वतंत्र विषय आहे.

आणि समजा, रस्ता बारमाही झाला. त्यावरून बस येते का? इथं भारमान येतं.

भाचेसुनेला मी स्वयंपाकघरात बसवलं. म्हटलं, ग्रीक अक्षरं बाजूला ठेव आणि मला वाणसामानाच्या यादीमागे लिहून सांग. तिनं सांगितलं ते असं.

समजा, शेवटच्या गावापासून तालुक्यापर्यंत ३६ किलोमीटर आहेत. एसटीचा एक टप्पा ६ किलोमीटरचा, म्हणजे सहा टप्पे. गाडीत जागा ४४. सकाळी गाडी शेवटच्या गावाहून निघाली तेव्हा चढले ४ जण. दुसऱ्या टप्प्यात गाडीत झाले ११, मग २२, मग ३३, मग ४०, आणि तालुक्यात शिरताना ४४, गाडी गच्च. आता सगळ्या टप्प्यांतली माणसं मिळवा, १५४. सगळ्या टप्प्यांतल्या जागा मिळवा, ४४ गुणिले ६, म्हणजे २६४. दीडशेचार भागिले दोनशेचौसष्ट. शंभरात ५८. हे झालं भारमान. कार्यालयाच्या हिशोबात आणखी बारकावे असतात, पण गाभा हाच. नववीच्या मुलाला येईल असं गणित आहे.

आता कुणी म्हणेल, ५८ कमी आहे, शेवटचे दोन टप्पे तोडा, तिथं माणसंच नसतात. मग उरले चार टप्पे. २२, ३३, ४० आणि ४४ मिळून १३९. जागा १७६. भारमान ७९! कागदावर किती सुंदर सुधारणा. दोन गावं गेली, पण आकडा वर गेला.

मी म्हटलं, "बरोबर आहे की मग." ती म्हणाली, "मावशी, ते अकरा जण कुठे जाणार होते?"

अकराही जण तालुक्यालाच जाणारे. त्यांच्या गावाला बसच नाही म्हटल्यावर ते काळीपिवळी जीप धरणार आणि थेट तालुक्याला उतरणार. मधल्या थांब्यावर येऊन बसची वाट थोडीच बघणार आहेत. म्हणजे पुढच्या चारही टप्प्यांतून अकरा अकरा माणसं गेली. १३९ मधून ४४ वजा, उरले ९५. भागिले १७६. शंभरात ५४.

७९ होणार म्हणून दोन गावं तोडली, आणि आधी ५८ होतं ते ५४ झालं. मग पुढच्या वर्षी आणखी एक टप्पा तोडायचा. फांद्या तोडत गेलं की खोडही वाळतं ते असं. मी तो कागद जपून ठेवला आहे, मागे साबुदाणा आणि शेंगदाणे लिहिलेला.

आणखी एक. शाळा-कॉलेजची गाडी सकाळी येताना गच्च असते, पण ती आणायला आधी रिकामी गाडी गावाकडे न्यावी लागते. दोन्ही फेऱ्यांची सरासरी काढली की गच्च भरलेल्या गाडीचं भारमानही पन्नासच्या आसपास येतं. त्यात कोणाचाच दोष नाही, तो सरासरीचा स्वभाव आहे. जुन्या लोकांनी यावर तोड काढली होती ती मुक्कामी गाडीची. संध्याकाळी बाजार करून परतणारी माणसं घेऊन गाडी गावाला जाते, रात्री पारावर नाहीतर शाळेजवळ मुक्काम करते, आणि सकाळी पोरांना, दूधवाल्यांना घेऊन परत येते. रिकामा फेरा नाहीच. किती वर्षं आपण त्या गाडीला पाणी दिलं, चालक-वाहकाला पिठलं-भाकरी दिली, आणि तिच्यामागं एवढं गणित आहे हे कळलंसुद्धा नाही!

आगारवाल्यांची बाजूही सांगायला हवी. गाड्या मोजक्या, डिझेल महाग, वर उत्पन्नाचा तगादा. एक गाडी कमी माणसांच्या गावाला पाठवली की दुसरीकडे माणसं लोंबकळतात. निर्णय त्यांनाच घ्यावा लागतो. पण तो निर्णय ज्या आकड्यावर होतो तो आकडा गावाला कळत नाही म्हणून गावाचं म्हणणं फक्त अर्जात येतं, 'तरी कृपया फेरी सुरू करावी ही नम्र विनंती'. तेच गाव जर म्हणू लागलं की आमचे अकरा जण पुढच्या चार टप्प्यांत धरलेत का, तर बोलणं वेगळं होईल. मुंबई आयआयटीतले प्राध्यापक मिलिंद सोहोनी मराठीतून हेच सांगत आले आहेत, की गावचं पाणी, गावची एसटी हे आपल्या कॉलेजांचे अभ्यासविषय व्हायला हवेत. उन्नत महाराष्ट्र अभियानामागेही तीच कल्पना आहे. परभणीला कृषी विद्यापीठ आहे, कॉलेजं आहेत. बसस्थानकावर वही घेऊन उभं राहायला फार मोठा निधी लागत नाही.

आणि वाचायला कोणाला द्यायचं? मुंबईच्या मंत्र्यालाच असं नाही. ग्रामीण रस्त्यांचा कारभार १९६२ पासून जिल्हा परिषदांकडे आहे. धोरण ठरवणारा माणूस म्हणजे आपल्या गटातला सदस्य. त्याला चारशे पानं नकोत, एक नकाशा हवा. फ्रान्समध्ये शार्ल मिनार नावाचा एक अभियंता होता. १८४५ साली दिजों ते म्युलूझ रेल्वे कोणत्या वाटेनं न्यायची यावर वाद चालू होता. त्यानं त्या भागातल्या घोडागाड्यांचे प्रवासी मोजले आणि नकाशा काढला. जिथं प्रवासी जास्त तिथं रस्ता जाड रंगवला, कमी तिथं बारीक. नकाशा बघणाऱ्याला आकडा वाचायचीही गरज नाही. त्याचं म्हणणं होतं की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्यांचाच विचार नको, मधेच चढून मधेच उतरणारी माणसं फार असतात. आमच्या भाचेसुनेचा कागद आणि मिनारचा नकाशा एकाच घरातले वाटतात मला. इंग्लंडात कॉलिन ब्यूकॅनन यांचा शहरातल्या रहदारीवरचा सरकारी अहवाल १९६३ साली आला, तर दुसऱ्याच वर्षी पेंग्विननं त्याची छोटी स्वस्त आवृत्ती काढली. आपल्याकडे असला अहवाल आला तर मिळतो कुठे? ग्रंथालयातल्या कुलपाच्या कपाटात. तोही इंग्रजीत.

हे सगळं मला जिव्हाळ्याचं का वाटतं, तर मुलींमुळे. मी वर्षानुवर्षं अपडाऊन केलं, खेड्यातल्या शाळेत शिकवलं. बसची वेळ अर्धा तास इकडची तिकडे झाली की हजेरीपटात कळतं, हे कोणताही ग्रामीण शिक्षक सांगेल. मुलगे सायकलीवर येतात, कुणाच्या मोटारसायकलवर येतात. मुलीच्या बाबतीत घरचे म्हणतात, "गाडी नाही ना, मग राहू द्या." अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास फुकट आहे. मोठी चांगली योजना, पण पास हा कागद आहे, तो दाखवायला गाडी लागते. मुलीचा जो वर्ग बुडाला तो भारमानाच्या भागाकारात वरही नाही आणि खालीही नाही.

म्हणून मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या मला नेहमी वेगळ्या वाटतात. राज्यातल्या २२ जिल्ह्यांच्या १२५ तालुक्यांत हा कार्यक्रम २०११ पासून वाढवला गेला आणि त्यात आठवी ते बारावीच्या मुलींना गावापासून शाळेपर्यंत फुकट ने-आण करायला एसटीला गाड्या मिळाल्या, चालवायच्या खर्चाची तरतूदही झाली. मुलींना सोडून ती गाडी पुष्कळदा रिकामीच फिरते. एसटीच्या नेहमीच्या हिशोबात ती केव्हाच बंद पडली असती. पण तिचा हिशोब किती जागा भरल्या यावर नाही, किती मुली शाळेत पोचल्या यावर आहे. मोजायची गोष्टच बदलली. सकाळी साडेनऊच्या सुमाराला रस्त्यावर अशी रिकामी निळी गाडी दिसली की माझ्या शेजारी बसलेला कुणीतरी हमखास म्हणतो, "बघा बाई, सरकारचं डिझेल चाललंय वाया." मग मी पिशवीतून कागद काढते आणि त्याला सहा टप्प्यांचं गणित घालते.